मापाचा दोरा

१

हनुमानाची चाल गावाला डोळे मिटूनही ओळखू यायची. डावा पाय टेकला की टक्, मागून उजवा ओढला की घस्स. टक्, घस्स. लहानपणी कडब्याच्या ट्रॉलीवरून पडला, तेव्हापासून उजवा पाय चार बोटं आखूड राहिला होता. उजव्या चपलेला खालून टायरचे थर ठोकून घेतले होते, पण त्यानं चाल काही झाकली गेली नव्हती. तो गल्लीच्या तोंडाशी आला की आत चांगुणाबाई, त्याची आई, चुलीवर तवा ठेवायची. दारात पोचेपर्यंत पहिली भाकरी फुगलेली असायची.

वडील मसाजी दिवाळी झाली की मेंढरं घेऊन पूर्णेच्या काठाकाठानं जे जायचे, ते उन्हाळा सरता सरता परतायचे. त्यांच्यामागं चालणं हनुमानाच्या पायाला जमलं नाही. शाळा आठवीतच सुटली होती. त्यात स्वभाव असा लाजरा की चार माणसांत जीभ टाळ्याला चिकटायची. 'व्हय' आणि 'न्हाई' या दोन शब्दांवर त्याचं वर्ष निघून जायचं.

"दादा, तुझ्यापरीस आपलं बोकड जास्त बोलतंय," धाकटी बहीण अंजली म्हणायची. तो हसायचा, एवढंच.

अशात तांड्यावरच्या प्रेमसिंगनं दुधाचं केंद्र काढलं. सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याकडेनं शेतातले आखाडे, म्हणजे गोठे-वस्त्या, लांबलांब पसरलेले. तिथून सकाळ-संध्याकाळ दूध आणायला माणूस पाहिजे होता. कालव्याची पाळ दोन-तीन जागी फुटलेली. मोटारसायकल तिथं अडायची. सायकल मात्र खांद्यावर मारून पलीकडं नेता यायची.

"सायकल चालवशील तर काम तुझं," प्रेमसिंग म्हणाला. "न्हाई तर मला दुसरं माणूस पाहावं लागंल. राग मानू नको."

साध्या सायकलवर हनुमानाचा उजवा पाय अर्ध्या फेऱ्यातच पायडल सोडायचा. तरी त्यानं मान हलवली. घरी जाताना त्याला पहिल्यांदाच असं वाटलं, की आपण पण घरात काहीतरी आणून ठेवू शकतो. बाप येईल तेव्हा बापाच्या नजरेला नजर देता येईल.

२

औंढ्याच्या रस्त्यावर रत्नपालचं वेल्डिंगचं दुकान होतं. गेट, खिडक्यांच्या जाळ्या, ट्रॉलीचे तुटलेले हुक, असली कामं. पण मन लागलं तर रत्नपाल नळ्या कापून, वाकवून, माणसाच्या अंगाला बसेल अशी सायकल बांधून द्यायचा. पत्र्याची लांबट शेड, पुढं ऊन आणि मागं अंधार. मधोमध एक लोखंडी घोडी. तिच्यावर सायकलची फ्रेम चढवायची, वर गिऱ्हाइकाला बसवायचं आणि बघायचं.

निघताना चांगुणाबाईनं स्वतः कातलेला काळा लोकरीचा दोरा मुलाच्या हातात दिला होता. "माप ह्यानं घे म्हनावं. अन् माप झालं का दोरा घरी आण. जित्या माणसाचं माप लोकाच्या घरी ठेवायचं नसतं." चपलेचं माप दिलं तेव्हाही तिनं हेच केलं होतं. चांभाराकडून दोरा परत आणायला लावून त्याच्या घोट्याला गुंडाळला होता. का, ते तिनं कधी सांगितलं नाही आणि त्यानं कधी विचारलं नाही.

"बरं झालं दोरा आणलास," रत्नपाल म्हणाला. "माझ्या टेपचे आकडेच उडालेत."

त्यानं हनुमानाला भिंतीला टेकून उभं केलं. मांडीपासून टाचेपर्यंत एक गाठ, गुडघ्याला एक गाठ, मग दुसरा पाय. मग हात पुढं करायला लावून खांद्यापासून मुठीपर्यंत. बोटं चटचट चालत होती.

"उजव्या पायाची गाठ लई शहाणी हाय तुझी," तो म्हणाला. "डावीच्या आदीच थांबली. काई फिकीर नको. उजव्या पायडलला चार बोटांचा लाकडी ठोकळा देतो. तुझा पाय हाय तसा राहू दे, सायकलच लंगडी करू."

हनुमान हसला. त्याच्या पायावर कोणी असं मोकळं बोललेलं त्याला उलट बरं वाटायचं.

तेवढ्यात बाहेर ट्रॅक्टर येऊन थांबला. ड्रायव्हर घाईत होता. रत्नपालनं दोरा दारातल्या खिळ्याला अडकवला आणि बाहेर जाऊन ट्रॉलीचा तुटका हुक पाहू लागला. हनुमान बराच वेळ खिळ्याखाली उभा राहिला. 'भाऊ, दोरा' एवढंच म्हणायचं होतं. शब्द ओठापर्यंत आला. ड्रायव्हर मोठमोठ्यानं बोलत होता, ठिणग्या उडत होत्या. आपणच हात घालून काढावा, तर न विचारता कसा काढायचा? शब्द परत गेला, आणि तोही निघाला.

"दोरा आणलास का रे?" रात्रीच्या भाकरी थापताना आईनं विचारलं.

"व्हय," हनुमान म्हणाला.

३

पुढच्या बाजारच्या दिवशी तो दुकानात गेला, तेव्हा फ्रेम घोडीवर चढलेली होती. चाकं नव्हती, रंग नव्हता. नुसता हाडांचा सांगाडा. उजव्या पायडलवर बाभळीचा ठोकळा पक्का बसवलेला.

"चढ," रत्नपाल म्हणाला.

हनुमान चढला. डावा पाय बरोबर बसला. उजवा ठोकळ्यावर ठेवला आणि गुडघा पोटाशी आला.

"असं पाय दुमडून काहून बसलास? खाली सोड की."

त्यानं पाय खाली सोडला. पाय ठोकळ्याच्या बाजूनं सरकत खाली गेला, पायडलच्या पातळीला गेला आणि तिथं थांबला. डाव्याच्या बरोबरीनं. दोघंही त्या पायाकडं पाहत राहिले.

"माझं माप असं चुकत न्हाई," रत्नपाल हळू म्हणाला. "दोरा बघू तुझा."

हनुमानानं खिळ्याकडं बोट केलं. खिळा रिकामा होता.

"तितं कुटं? तूच तर नेलास."

"न्हाई."

"अरे न्हाई काय? परवा आलास, लंगडत लंगडत. खिळ्यावरून काढला, खाली बसून पायाला बांधला अन् गेलास. मी म्हनलं, चहा घे. तू बोललाच न्हाईस." रत्नपाल हसला. "तसा बी तू कवा बोलतूस?"

हनुमान परवा दिवसभर घरच्या बकऱ्यांमागं होता. हे सांगायला एक पूर्ण वाक्य लागलं असतं. त्यानं मनातच हिशेब केला. औंढ्याला देवाला येणारी माणसं थोडी का असतात? त्यात कोणी लंगडा असेल. रत्नपाल कामात होता, त्याला तोच हनुमान वाटला असेल. आणि पाय? पाय उन्हानं मोकळा झाला असेल. म्हातारी माणसं म्हणतातच, वाढत्या वयात हाड सुटतं म्हणून. प्रत्येक गोष्टीला काहीतरी उत्तर मिळत होतं. पण ती उत्तरं एकमेकांशेजारी ठेवली की जुळत नव्हती.

रत्नपालनं हातोडीनं ठोकळा उडवून टाकला.

परत येताना टायरचे थर लावलेली चप्पल त्याला अडखळायला लावू लागली. शेवटी त्यानं दोन्ही चपला काढून हातात घेतल्या. गरम मातीत अनवाणी चालला. टक्, टक्. कालव्याशेजारी कोणी नव्हतं. तो जरा पळाला. मग थांबला आणि पुन्हा पळाला. कळत्या वयात पहिल्यांदा वारा दोन्ही कानांना सारखा लागत होता. भीती तेव्हा नव्हतीच, हे खरं आहे. तेव्हा त्याला फक्त आनंद झाला होता.

४

गल्लीत शिरला तरी तव्याचा आवाज आला नाही. दारात उभा राहिला, तशी चांगुणाबाई दचकली. हातातलं पीठ सांडलं.

"कोण हाय?"

तो उजेडात आला.

"तू हाईस व्हय. मला वाटलं कोणी पाहुणं आलं. ऐकू कसं आलं न्हाई तुझं?"

त्यानं पाय पुढं केला, दोन पावलं टाकून दाखवली. आई उठली. खाली बसून तिनं त्याचा पाय हातात घेतला, गुडघ्यापासून टाचेपर्यंत हात फिरवला. ती रडेल असं त्याला वाटलं होतं. पण दुसऱ्याचं लेकरू क्षणभर मांडीवर घ्यावं तसा तिनं तो पाय धरला होता.

"बरं झालं बाई," ती म्हणाली, आणि हात पदराला पुसले.

"माय, भूक लागली."

आतून अंजलीचा आवाज आला. "परत? दादा, मगाशी तर जेवलास. दोन भाकरी खाल्ल्यास, तोंडातून एक शब्द न्हाई. पोटात बोकड हाय का काय?"

ताट मोरीवर धुऊन पालथं घातलेलं होतं. आतल्या खोलीत त्याची घोंगडी पसरलेली. त्यानं हात लावला. घोंगडी गरम होती, आणि कोणी कुशीवर निजून उठावं तसा मधोमध खळगा पडला होता.

पोरगी चेष्टा करून राहिली, त्यानं स्वतःला सांगितलं. बाहेर येऊन चपला दाराशी ठेवल्या आणि भुकेलाच ओट्यावर बसला. दिवे लागायची वेळ होती, पण लाइट गेलेली. बकऱ्या गोठ्यात एकमेकींना ढुशा देत होत्या. मग त्या सगळ्या एकदम गप झाल्या.

गोठ्यामागून आवाज आला. टक्, घस्स.

 तो आवाज हनुमानानं कधी बाहेरून ऐकलाच नव्हता. तो नेहमी त्याच्या आत असायचा, त्याच्या हाडातून यायचा. आज तो गोठ्याला वळसा घालून येत होता, सावकाश, अगदी ओळखीच्या जागी येत होता.

चुलीवर तवा ठेवल्याचा आवाज झाला.

"आला का रे?" आईनं आतून विचारलं.

तो तिच्यापासून दोन हातांवर बसला होता. मी हितं हाय माय, एवढंच म्हणायचं होतं. जीभ टाळ्याला चिकटून राहिली.

सकाळी दाराशी चपला नव्हत्या.

५

बापाच्या जुन्या वहाणा घालून तो पुन्हा रत्नपालकडं गेला. चाकं लागली होती, हिरवा रंग वाळत होता.

"कोण पाहिजे?" रत्नपालनं विचारलं. मग डोळ्यांवरचा वेल्डिंगचा काळा चष्मा काढून नीट पाहिलं. "हनुमान? हां, हनुमान. बस बस."

सायकल घोडीवर चढवली. हनुमान बसला, आणि सगळं जिथल्या तिथं बसलं. हँडल बरोबर मुठीत, सीट बरोबर खाली, गुडघे बरोबर फिरणारे. रत्नपालनं एक बोटही कुठं लावलं नाही. नळी कापायला नको, सीट खालीवर करायला नको. कारागिराला याचा आनंद व्हायला पाहिजे. पण रत्नपालच्या कपाळावर घाम होता.

"हात जरा पुढं कर," तो म्हणाला. हनुमानानं केला. "मी नळी कापली तवा तुझा हात एवढा लांब नव्हता. हँडल मी चुकून पुढं जोडलं व्हतं. आज मागं घेणार व्हतो. अन् तुला तर बराबर येऊन राहिलं."

शेडच्या मागच्या अंधारात काहीतरी पत्र्याला घासलं. दोघांनीही तिकडं पाहिलं नाही.

हनुमानानं बळ एकवटलं. "भाऊ, दोरा न्यायला आला, तवा तुमी त्याचं तोंड पाहिलं का?"

रत्नपालनं हातातला चष्मा शर्टाला पुसला. 

"तोंड कोण पाहतंय, हनुमान? लंगडत आला, म्हनलं तू." त्याचा आवाज खाली गेला. "समदं गाव तुला असंच वळखतं. मी बी."

मग त्यानं सायकल घोडीवरून उतरवली, घाईघाईनं, जशी ती दुकानात नको झाली होती.

"घेऊन जा. रंग वला हाय, पन जा."

"दोरा?"

"तो त्याच्या पायात हाय बाबा. माझ्या हातात काय हाय?"

६

सायकल पाण्यासारखी चालली. पाळीवरून, बाभळींच्या सावलीतून, फुटक्या जागी खांद्यावर मारून पुन्हा पुढं. पाय थकत नव्हते. पायडलवरून घसरतही नव्हते. उतारावर त्यानं पाय उचलायचं मनात आणलं, तर ते उचलले गेले नाहीत, फिरतच राहिले. सायकलीला जेवढं पाहिजे होतं तेवढंच त्याच्यातून घेतलं जात होतं. एवढ्या दिवसांत आपण एकदा तरी विचारायला हवं होतं, असं त्याला वाटलं. पण कोणाला आणि काय विचारायचं?

प्रेमसिंग केंद्राच्या दारात कॅन विसळत होता.

"काय पाहिजे, दादा?"

"मी हनुमान. सायकल आणली."

प्रेमसिंग हात पुसत त्याच्याकडं पाहत राहिला. चेष्टा आहे का, ते समजून घेत असल्यासारखा.

"हनुमान आत्ताच गेला. दूध टाकून."

"सायकलवर?"

"पायी. दोन दिवस झाले येऊन राहिला. लंगडत येतो, पन टायमावर येतो. मला उलट लाज वाटली, उगी सायकल आण म्हनलं लेकराला." त्यानं कॅन पालथा घातला. "जागा भरली बाबा. काई निघालं तर सांगतो. नाव काय म्हनलास?"

हनुमानानं सायकल वळवली.

७

गल्लीच्या तोंडाशी आला तेव्हा अंधारून येत होतं. आवाज पुढंच होता. टक्, घस्स. एका वळणाचं अंतर. त्यानं जोर लावला, वळण घेतलं, तर आवाज पुढच्या वळणावर. तवा वाजला. भाकरीचा वास आला. ती भाकरी त्याच्यासाठी होती, रोज त्याच्यासाठीच असायची. तो दारात पोचला तेव्हा उंबऱ्याच्या आतून शेवटचा घस्स ऐकू आला आणि थांबला.

चांगुणाबाई बाहेर आली. डोळ्यांवर हात धरून पाहू लागली.

"माय," तो म्हणाला. "मी हनुमान."

 मग जे आजवर कधी झालं नव्हतं ते झालं. तो बोलू लागला. ट्रॉलीवरून पडला त्या दिवशी तू मला कडेवर घेऊन एसटीच्या थांब्यापर्यंत पळालीस, तुझी एक बांगडी फुटून माझ्या पाठीत रुतली होती. बापानं मला मेंढरांमागं नेलं नाही म्हणून तू आठ दिवस त्यांच्याशी बोलली नाहीस. दोरा मी आणला नव्हता माय, खोटं बोललो, मागायची लाज वाटली. बस, एवढंच चुकलं. तो बोलत राहिला, एकामागून एक वाक्यं, पूर्ण, स्पष्ट, न अडखळता. त्याचं त्यालाच नवल वाटलं.

अंजली दाराआडून पाहत होती. चांगुणाबाईनं तोंडावर पदर धरला होता. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. क्षणभर त्याला वाटलं, जमलं.

"लेकरा," ती मायेनं म्हणाली, "हे समदं तुला त्यानं सांगितलं व्हय? तुझ्यापाशी बोलतो का तो? मला लई बरं वाटलं बघ. घरात तर एवढं कवा बोलत न्हाई."

"माय, मीच..."

"दोस्त हाईस ना त्याचा? थांब, पाणी घे." तिनं तांब्या आणून दिला. त्याच्या सरळ पायांवरून तिची नजर एकदा खाली-वर गेली. मग सायकलवर थांबली. "झकास हाय सायकल. आमच्या हनुमानाला बी अशीच पाहिजे व्हती."

आणि आत तोंड करून तिनं हाक मारली. "हनुमान, कोण आलंय बघ रे."

आत काहीतरी उठलं. टक्, घस्स. टक्, घस्स. चुलीचा उजेड उंबऱ्यापर्यंत येत होता, त्याच्या वर नव्हता. त्या उजेडात एक पाऊल येऊन थांबलं. टायरचे थर ठोकलेली चप्पल. तिच्या वर घोट्याला गुंडाळलेला काळा दोरा, रत्नपालनं मारलेल्या गाठींसकट. आणखी वर फक्त अंधार होता, आणि तो अंधार आधीच्या, लंगड्या हनुमानाच्याच उंचीचा होता.

 बोल, हनुमान मनात म्हणाला. एक शब्द बोल. तू बोललास की तिला कळेल.

पाऊल हललं नाही. आतून काहीच आलं नाही.

चांगुणाबाई हसली आणि त्याच्या हातातून रिकामा तांब्या घेतला.

"लाजतंय," ती म्हणाली. "लहानपणापासून असंच हाय."